आखाजीला मी पळवून आणलेली लेक

चहा आधी संपवा बाई, नाहीतर हसताना अंगावर सांडाल. आज मलाही हसू येतं, पण त्या दिवशी जीव अर्धा झाला होता!

आमचे हे शाळामास्तर. त्यांची बदली धुळ्याजवळ पांझरा नदीकाठच्या एका गावी झाली. बैलांच्या दमणीतून सामान उतरलं आणि पंधरवड्यात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आला. माझं माहेर साताऱ्याकडचं. खानदेशात आखाजी कशी करतात, मला काय ठाऊक? पोरीबाळींनी गौराई मांडलेल्या, गाणी, झोके. मला वाटलं, किती गोड!

गौराई बोळवायच्या दिवशी शेजारच्या वेणूअक्का आल्या. आमच्या अडीच वर्षांच्या सुमीला कडेवर घेऊन म्हणाल्या, "पोरले नदीवर लई जास व माय. तू बी ये मांगून." मी चुलीशी होते. पोरीला नदीवर नेते म्हणताहेत, एवढं कळलं. "बरं," म्हटलं.

थोड्या वेळानं दारावरून बायांचा घोळका गेला. पदरात काय, तर दगड!

"हे कशाला हो?"

"भांडाले!" एक म्हणाली. "त्या काठन्या बाया वाट देखी ऱ्हायन्यात ना!"

हातातलं उलथनं तिथंच पडलं. भांडायला? दगड घेऊन? आणि माझी सुमी? दाराला कडी न लावता मी धावले.

नदीत पाणी घोट्याएवढं. दोन्ही काठांवर शंभर शंभर बाया, हात नाचवत, बेंबीच्या देठापासून शिव्या देताहेत, आणि त्याही गाण्यात!

"त्यास्ना हातनी भाकर कुत्रं बी खात नही!"

पलीकडून जे उत्तर आलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, घरात मोठी माणसं आहेत. मधूनच दगड, डुबुक! अक्का कुठंच दिसेनात. आणि पलीकडे पाहते तर एका धिप्पाड बाईच्या कडेवर तांबडं खणाचं परकर-पोलकं! सकाळी सुमीला मीच घातलेलं, तस्सं!

झालं! पोर पळवली!

मी सुटले. "ओ मास्तरीणबाई!" म्हणून मागून कोणी ओरडत होतं, पण थांबते कोण? नदी पार केली, त्या बाईच्या कडेवरून पोर हिसकली, पदराखाली झाकली आणि माघारी! आता दगड डोक्यात बसणार, म्हणून मान खांद्यात घातलेली.

पण सुमी रडेना. हूं नाही की चूं नाही. छातीशी आवळली, तर अंग ताठ! गार! काठावर गुडघ्यांवर बसले, पदर बाजूला केला. डोळे उघडे, टक्क. पापणी लवेना!

मी असा हंबरडा फोडला की दोन्ही काठ गप्प झाले.

तेवढ्यात अक्का धावत आल्या. त्यांच्या खांद्यावर सुमी, सांजोरी खात!

"हाई काय करी उनी व माय? त्यास्नी लाकडी गौराईच उचली आनी!"

"पण... पण भांडण?"

"येडी शे का तू? दरसालना खेळ शे हाऊ! आज शिव्या देसूत, सकाय त्यास्ना घर जेवाले जासूत."

म्हणजे उद्या त्यांच्याच घरी जेवायला! दगड पाण्यातच टाकायचे, कोणाला मारायचे नाहीत, हे मला आधी सांगायचं कोणी? आणि मी तरी विचारलं होतं का? नव्या गावी लेकरं घेऊन जाल, तर पहिलं हे विचारून घ्या बाई, की इथलं भांडण खरं की सणाचं!

गौराई परत द्यायला मलाच धाडलं. पुन्हा नदी, आणि यावेळी धावायचीही सोय नाही. ती धिप्पाड बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"चुकले हो," मी म्हटलं. "माफ करा."

"माफी नको. आठे उनी तं शिवी देनी पडस. दे!"

इथं आलीस तर शिवी द्यावीच लागते म्हणे! आता आली का पंचाईत! मी मराठी सातवीपर्यंत शिकलेली, पण शिव्यांचा धडा कुठल्या पुस्तकात होता? बाई हलेना. शेवटी कसंबसं तोंडातून निघालं,

"आपण... आपण फार वाईट आहात!"

मग इकडच्या बाया पाण्यात बसून हसल्या, तिकडच्या एकमेकींच्या गळ्यात पडून. त्या सालचं भांडण तिथंच मोडलं. दोन्ही काठ एक झाले, आणि सगळ्या जणी मिळून माझ्याकडे हात करून गाऊ लागल्या, "आपण फार वाईट, मास्तरीणबाई, आपण फार वाईट!"

आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? अक्कांच्या खांद्यावर बसलेल्या माझ्याच लेकीचा!