चौदा कार्डांवरची बाई

टचमास्तरांना लहानथोर सगळे याच नावाने ओळखत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि काढलेला फोटो सुधारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पूर्वी टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर, आता माऊस घेऊन कॉम्प्युटरवर. कांजिण्यांचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, एक भुवई वर आणि एक खाली, सगळं मास्तर गुपचूप मार्गी लावत. गिऱ्हाईक फोटो बघून खूश होई आणि आपण मुळात असेच आहोत असं समजून घरी जाई. यात कुणाचं काय वाईट झालं, असं मास्तर विचारत. तोवर खरंच कुणाचं काही झालं नव्हतं.

एवढ्या मोठ्या फोटोवाल्याच्या घरात बायकोचा मात्र एकही फोटो नव्हता. लग्नातला होता तो छत गळून भिजला आणि गेला. नवा काढायचं दर वेळी ठरे. "तू काय पळून चाललीस? काढू की रविवारी," असं मास्तर म्हणत. बावीस वर्षांचे रविवार असे गेले आणि मग तीन दिवसांच्या तापात तीच गेली. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली होती. अलीकडे मास्तरांना तिचा आवाज आठवे, जिना चढतानाची तिची चाल आठवे, पण चेहरा आठवायला गेलं की तिथे काहीच नसे. या गोष्टीची त्यांना मनातून फार भीती वाटत होती आणि म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती.

त्या वर्षी निवडणुकीच्या आधी नवा नियम आला. फोटो असलेलं ओळखपत्र दाखवल्याशिवाय मत नाही. झालं, गल्लीत दोन तट पडले. सलूनवाला नियमाच्या बाजूचा. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून तो मुद्दे मांडी, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

"मेलेली माणसं येऊन मत देऊन जातात, साहेब! यादीत नाव आहे म्हणजे झालं, कोण आलंय ते कोण बघतो? आता फोटो लागणार. बघू कुठला मेलेला फोटो काढून घेतो!"

विरुद्ध बाजूला अक्का. अक्का म्हणजे मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण. स्टुडिओच्या वरच्या खोलीत एकटीच राही आणि कपडे शिवी. चाळीस वर्षांत तिने एकही मतदान चुकवलं नव्हतं. तापातसुद्धा शाल गुंडाळून जाऊन आली होती.

"मी मीच आहे हे आता कागदाने सांगायचं?" ती म्हणे. "त्या टेबलावरची माणसं मला जन्मभर ओळखतात. आणि ज्या बायकांच्या हाताला सकाळपासून काम असतं त्यांनी फोटोला कधी जायचं, फॉर्मला कधी जायचं? चोर एखादा सापडेल न सापडेल, पण आमच्यासारख्या दहाजणी घरी बसतील."

दोघांच्याही बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मास्तर आपले सलूनवाल्याकडे झुकलेले, कारण गल्लीतल्या सगळ्यांच्या कार्डांचे फोटो काढायचं काम त्यांनाच मिळालं होतं. "अक्का, मी आहे ना," ते म्हणाले. "तुमचं कार्ड नाही झालं तर माझं नाव बदला." अक्का कुरकुरत खाली आली आणि कॅमेऱ्यासमोर बसली.

कामाबरोबर एक कागद आला होता. फोटोत कोणताही बदल करू नये. मास्तरांनी तो वाचला आणि खाली सही केली. पण जित्याची खोड! पुरुषांच्या फोटोंना त्यांनी हात लावला नाही. तसं करावंसं त्यांना वाटलंही नाही. बायकांचा फोटो समोर आला की मात्र हात आपोआप माऊसकडे जाई. एवढा डाग काढू. एवढी पापणी जरा उचलू. हनुवटी थोडी भरली की बरी दिसेल. आपण हे कशावरून ठरवतो आहोत, हे मास्तरांनी स्वतःला कधी विचारलं नाही. बरं दिसलं की हात थांबे.

कार्डं वाटली गेली आणि आठवड्याभरात बायका एकेक करून स्टुडिओत यायला लागल्या. एका घरात सासूचं आणि सुनेचं कार्ड अदलाबदल झालं, ते चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. यावर सगळे पोट धरून हसले. मग इस्त्रीवाली आली, ती हसत नव्हती.

"मास्तर, माझी पोरगी ते कार्ड बघून रडते. 'ही बाई कोण?' म्हणते. फळीवर ठेवलं होतं, तर म्हणते ती बघतेय."

"लहान आहे ती," मास्तर म्हणाले.

"आमचे हेही बघतात आणि पालथं घालून ठेवतात, मास्तर."

ती गेल्यावर मास्तरांनी उगाच मागे वळून बघितलं. मागे रिकामी खुर्ची आणि पांढरा पडदा, एवढंच होतं.

मतदानाच्या दिवशी दुपारी शाळेतून शिपाई बोलवायला आला. मतदान तिथे सुरू होतं. वर्गाबाहेरच्या ओट्यावर गल्लीतल्या चौदाजणी बसलेल्या, त्यांत अक्काही. आत केंद्राध्यक्ष बाईंनी एका बाकावर चौदा कार्डं ओळीने मांडून ठेवली होती.

"हे फोटो तुम्ही काढलेत?" त्यांनी विचारलं. "मग मला सांगा, या चौदा बायका आहेत, की एकच बाई चौदा वेळा येणार आहे?"

मास्तर बाकावर वाकले आणि एकेक कार्ड बघू लागले. प्रत्येक कार्डावर थोडं थोडं होतं. एकीच्या डोळ्याची खाली झुकलेली पापणी. दुसरीच्या ओठाचा कोपरा. तिसरीची हनुवटी. एकेक बघितलं तर काहीच नाही, पण ओळीवरून नजर फिरवली की एक बाई तिथे नीट दिसत होती, आणि ती मास्तरांकडे बघत होती. एकोणीस वर्षांनी.

कधी कोण जाणे, अक्का त्यांच्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने बाकाकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अगं, तू इथे काय करतेस?"

दारातून इस्त्रीवाली पुटपुटली, "हीच. हीच आमच्या फळीवर असते."

मेलेल्यांना बाहेर ठेवायला म्हणून तो नियम, आणि गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदाच एक मेलेली बाई मतदान केंद्रात येऊन बसली होती. सलूनवाला तिथे नव्हता हे एक बरं.

केंद्राध्यक्ष बाई समंजस होत्या, पण नियमापुढे त्यांचंही काही चालत नव्हतं. मास्तरांनी लेखी द्यायचं की फोटो आपण बदलले. मग जुनं कार्ड फोटोवर भोक पाडून बाद होणार, तिथल्या तिथे नवा फोटो काढून फॉर्मवर चिकटवायचा आणि बाईने मत द्यायचं. स्टुडिओतले सगळे बदललेले फोटो आजच्या आज पुसायचे. हे कबूल नसेल तर चौदाजणींनी घरी जायचं. सहाला दार बंद.

मास्तरांनी लिहून दिलं. चौदा बायकांचं मत बुडवून आपण तिला ठेवून घ्यावं, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

स्टुडिओतून कॅमेरा आणि छोटा प्रिंटर आणवला आणि भिंतीपाशी एकेक बाई उभी राहिली. मास्तरांनी वण, सुरकुत्या, वाकड्या भुवया, जे होतं ते तसंच टिपलं. प्रत्येकीच्या मागे टेबलावर खट् असा आवाज होई. पापणी गेली. खट्. ओठाचा कोपरा गेला. तेरा वेळा तो आवाज मास्तरांनी ऐकला आणि दर वेळी बाकावरची ती बाई थोडी पुसट झाली.

शेवटी अक्का राहिली. केंद्राध्यक्ष बाईंनी हात पुढे केला, पण अक्काने बाकावरचं आपलं कार्ड आधीच उचलून मुठीत घट्ट धरलं होतं.

"मी मत मागितलंच नाही तर?"

"मग मला ते बाद करायची गरज नाही. पण मत जाईल तुमचं, आजी."

"अक्का, द्या मत," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षांत चुकवलं नाही तुम्ही. माझ्यापायी नको." तोंडाने हे म्हणत असताना मनातल्या मनात ते तिने नाही म्हणावं म्हणून धावा करत होते.

"माझ्या एका मतावाचून सरकार अडणार नाही," अक्का म्हणाली. "पण माझ्या धाकटीच्या तोंडाला मी भोक पाडू देणार नाही." आणि ती वर्गाबाहेर पडली. घरी पोचेपर्यंत ती रडत होती. कशासाठी ते मास्तरांना कळत होतं. मत न देता घरी यायची तिची ही पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी शिपायासमोर मास्तरांनी कॉम्प्युटरमधले सगळे फोटो पुसले आणि जिना चढून वर गेले. अक्काने मशीन बाजूला सारून टेबल पुसलं होतं आणि मधोमध कार्ड ठेवलं होतं.

"बघा," ती म्हणाली. "किती दिवसांनी घरी आलीय."

मास्तरांनी दिव्याखाली धरून कार्ड बघितलं. तिरपं करून बघितलं, लांब धरून बघितलं. फोटो अक्काचा होता. दोन सुरकुत्या कमी असलेली अक्का, बाकी कुणी नाही. ती चौदांत मिळून होती. एकात नव्हती.

अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आहे ना तीच?"

"हो अक्का," मास्तर म्हणाले. "तीच आहे."