जेवल्यावरची गोळी

निपाणीच्या स्टँडजवळच्या औषध दुकानातले अण्णा गोळ्यांची स्ट्रिप कापण्याआधी कात्री दोनदा हवेत चालवतात, न्हाव्यासारखी. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, "कवा घेतासा?" मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मला हे कोणी विचारू नये, असं माझं मत होतं.

पित्ताची गोळी रोज घेऊनही पोटातल्या जळजळीनं वर्गात तासभर उभं राहवेना, तेव्हा मी जास्त ताकदीची गोळी मागितली.

"आत्ताची कवा घेतासा, आक्का?"

"जेवल्यावर. रिकाम्या पोटी गोळी घेऊ नये."

अण्णांनी कात्री खाली ठेवली. "मग दुसरी देत न्हाय. हीच जेवायच्या अर्धा तास आधी घ्या. जेवताना पोटातलं पंप सुरू हुत्यात. गोळी त्येच्या आधी पोचाय पायजे."

ते पंप म्हणजे ऊर्जा खर्चून पोटात आम्ल सोडणारी प्रथिनं; माझी गोळी तीच बंद पाडते. बेडकापासून माणसापर्यंत ती जवळपास तशीच टिकली आहेत, हे मी वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवते.

आठवड्याभरात जळजळ थांबली. आता वर्गात हा किस्सा मी आवर्जून सांगते. त्यातली जेवल्यावर गोळी घेणारी बाई मात्र माझी शेजारीण असते.