भट्टी भरायला आलेल्या बायका

आमचा कोर्स बंद होणार हे कळलं तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. नोटिशीत लिहिलं होतं की विभागाची पुनर्रचना होत आहे, नवीन प्रवेश थांबवले आहेत, सध्याच्या विद्यार्थ्यांवर मात्र काहीही परिणाम होणार नाही. मातीकाम शिकणाऱ्या आम्ही तिघी मुली निश्चिंत झालो. मी तर मनातून खूशच होते. खालच्या वर्गात कोणी येणार नाही, म्हणजे चाकासाठी भांडण नाही आणि भट्टीतली मधली फळी आपलीच. भांडायला मी कोणाला हार जात नाही, पण रोज रोज कोण भांडणार?

परिणाम कळायला शेवटचं वर्ष उजाडावं लागलं. आमच्याकडे एक जुना नियम होता, भट्टी भरल्याशिवाय पेटवायची नाही. अर्ध्या भट्टीला गॅस जवळजवळ तेवढाच लागतो आणि आचही सारखी लागत नाही. इतकी वर्षं हा नियम कोणाला जाचला नव्हता, कारण भट्टी भरायला पहिल्या वर्षाची मुलं असायची. त्यांचे वाकडे पेनस्टँड, जाड बुडाचे वाडगे, कान तुटलेले हत्ती. आम्ही त्याला भरताड म्हणायचो. आता वरचे वर्ग पास होऊन गेले होते, खाली कोणी नव्हतं आणि आम्हा तिघींचं सगळं काम दोन फळ्यांवर मावत होतं.

माझं परीक्षेचं काम म्हणजे पातळ, उभट पेले. कच्चा पेला पाण्यात ठेवला की पुन्हा चिखल. भाजला नाही तर परीक्षेला मांडता येत नाही, आणि मांडला नाही तर पदवी नाही. सर ऑफिसात जाऊन आले. नियम तुमच्याच विभागाचा आहे, असं त्यांना तिथे ऐकवण्यात आलं. मी इतकी चिडले की तोंडाला येईल ते बोलले. ऑफिसातलं कोणी समोर नव्हतं, म्हणून ते बिचाऱ्या सरांनाच ऐकून घ्यावं लागलं.

सर म्हणाले, भरताड आपणच करू. करून पाहिलं. पण एकदा वळण लागलेला हात घाईतसुद्धा नीटच करत बसतो, आणि आमचं परीक्षेचं काम मागे पडायला लागलं. मग सरांना युक्ती सुचली. पुनर्रचनेपासून वरच्या लोकांना 'कार्यशाळा' हा शब्द फार आवडत होता. सरांनी नागरिकांसाठी कार्यशाळा घ्यायची परवानगी मागितली आणि ती लगेच मिळाली.

नागरिक मी वाडीतल्या आमच्या गल्लीतून आणले. त्यासाठी आईला पुढे करावं लागलं, आणि तेच अवघड होतं. "बारावीला एवढे मार्क मिळवून चिखल तुडवायला गेली," हे तिचं ठरलेलं वाक्य, पाहुण्यांसमोर तर हमखास. प्रवेश थांबले तेव्हा ती म्हणाली होती, बरं झालं, दुसऱ्या कोणाच्या पोरी तरी वाचतील. पण माझी परीक्षा अडली म्हटल्यावर तिने पदर खोचला. शेजारच्या काकू, समोरच्या गुजराती बेन, त्यांची सून, सगळ्यांना रिक्षात घालून ती घेऊन आली.

आठवडाभर दुपारची कामं आटोपून त्या येत होत्या. पणत्या झाल्या, उदबत्तीची घरं झाली. काकूंनी गणपती करायला घेतला आणि शेवटी तो उंदीर म्हणून खपवला. बेन तर म्हणाल्या की घरी कोणी विचारलं तर आम्ही कॉलेजला जातो असंच सांगतो. आई तेवढी कोपऱ्यात बसून एकच वाडगा करत होती. करायची, मोडायची, पुन्हा करायची. मी तिला सांगितलं की आकाराचं काही नाही, फक्त जागा भरायची आहे. तिने हातातला वाडगा मोडला आणि पुन्हा करायला घेतला.

भट्टी भरली, पेटली, निवली. सरांनी दार उघडलं आणि माझे पेले शाबूत दिसले तेव्हा मला रडूच आलं. बायका आपापल्या वस्तू शोधत होत्या. आईला तिचा वाडगा सापडला, एका बाजूला कललेला. तिने तो दोन्ही हातांत फिरवला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इथे प्रवेशाला वयाची अट असते का गं? पुढच्या वर्षी मी आले तर चालेल ना?"

मी म्हटलं, "आई, आता इथे कोणालाच घेत नाहीत."

या वेळी ती बरं झालं म्हणाली नाही. वाडगा पिशवीत न टाकता तिने तो माझ्या पेल्यांशेजारी ठेवला आणि काकूंना हाक मारत निघून गेली.

परीक्षेच्या दिवशी मी पेल्यांच्या रांगेत शेवटी तो वाडगा मांडला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तो उचलून पाहिला आणि हे कोणाचं काम, असं विचारलं. सर खिडकीकडे बघत होते.

मी म्हणाले, "पहिल्या वर्षाचं."