तीन ओंडके आणि नऊ रिकाम्या पेट्या

एर्मेलिंदा उक हिला लहानपणापासून कशाची ना कशाची धास्ती असे. शाळेत बाई फळ्यापाशी बोलावतील याची, बाजारात कुणी खेकसेल याची, लग्नानंतर नवऱ्याच्या पावलांची. नवरा किनाऱ्यावर हॉटेलं बांधायच्या कामावर गेला तो परत आलाच नाही, तेव्हा पावलांची भीती गेली आणि तिच्या जागी दारावरच्या थापेची आली. कॉलेजात साफसफाईला लागून तिला अकरा वर्षं झाली होती, तरी दर सहा महिन्यांनी कंत्राट नवं करायची वेळ आली की ती एकच जिना दोनदोनदा पुसून काढायची. ऑफिसातून कुणी नावाने हाक मारली की हातातला पोछा खाली ठेवायचंही भान तिला राहत नसे. ती तो तसाच घेऊन साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहायची, आणि पोरं हसायची.

भीती वाटत नसे ती एकाच ठिकाणी, परसातल्या झावळ्यांच्या छपराखाली. तिथे आईचे तीन ओंडके होते. आतून पोखरलेले, दोन्ही तोंडांना लाकडी चकत्या बसवून लाल मातीने लिंपलेले, आणि मधोमध क्रूस कोरून त्याखाली एक बारीक भोक. आत शुनान-काब जातीच्या मधमाश्या. या माश्यांना नांगी नसते. कुणी अंगावर आलं तर त्या काही करू शकत नाहीत, म्हणून त्या दार लहान ठेवतात. एका वेळी एकच माशी आत जाईल एवढं, आणि त्या दारात दिवसभर एक माशी तोंड बाहेर काढून पहारा करते. लहानगी एर्मेलिंदा त्या पहारेकरणीकडे तासन्‌तास बघत बसायची. एवढीशी, हातात काही नाही, तरी दारातून हलत नाही.

आईने तिला सगळं शिकवलं होतं. ओंडका उघडताना एखादी माशी चिरडली तर ती पानात गुंडाळून पुरायची. वर्षातून एकदा मक्याची पेज करवंटीत घालून ओंडक्यांपुढे ठेवायची आणि देवमातेचं नाव घ्यायचं. त्यांच्यापुढे भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही. त्या रागावत नाहीत, आई म्हणायची, त्या नुसत्या निघून जातात. आई गेली त्या सकाळी, घरात माणसं जमायच्या आधी, एर्मेलिंदाने प्रत्येक ओंडक्याशी वाकून सांगितलं होतं की आता मी आहे. त्या राहिल्या. आई गेल्यावर आपल्याला सोडून गेल्या नाहीत त्या फक्त या माश्या, असं तिला वाटायचं, पण हे ती कुणाला बोलली नव्हती.

तिच्याच गल्लीतली यारेली तुझ नावाची मुलगी कॉलेजात शेतीशास्त्र शिकत होती. पोरगी चुणचुणीत, जिभेला हाड नाही. तिने एक दिवस कुंपणावरून ते ओंडके पाहिले आणि इंजिनियर गोंगोरांना जाऊन सांगितलं. गोंगोरा तिचे मास्तर. मेरिदा शहरातल्या एका मंडळाने त्या वर्षी कॉलेजांसाठी हरित बीजनिधी काढला होता. कॉलेजच्या आवारात झाडं, पाणी, कचरा, माश्या, असलं काही टिकाऊ काम सुरू करणाऱ्यांना पहिला हप्ता आधी आणि दुसरा काम बघून. गोंगोरांनी एर्मेलिंदाला बोलावलं. ती पोछ्यासकट गेली. ते गोड बोलले, डोन्या म्हणजे बाईसाहेब म्हणाले, खुर्ची दिली, तुमच्या माश्या आपण ग्रंथालयामागे आणू, सांभाळायला तुम्हीच, म्हणाले. तिला नाही म्हणायचं होतं. पण कंत्राट पुढच्या महिन्यात होतं, आणि खुर्चीत बसून नाही म्हणायचं तिला आजवर कधी जमलं नव्हतं.

ओंडके आले. अर्जात एक रकाना होता, वर्षअखेर किती वसाहती, म्हणजे माश्यांनी भरलेली घरं, होतील. यारेलीने विचारलं, गोंगोरा म्हणाले बारा लिही, तीन-चार लिहिलं तर ते दारातूनच परत पाठवतील. बारा लिहिलं. खाली एर्मेलिंदाने सही केली, तीनदा पेन थांबवत. पैसे आले, सुताराकडून नऊ पेट्या करून आल्या, हिरव्या रंगवल्या. यारेली म्हणाली, "मावशी, तुमच्या माश्यांना आता सरकारी क्वार्टर मिळाले."

वसाहत वाढवायची म्हणजे भरलेला ओंडका उघडून अर्धी अंडी-पिल्लं नव्या पेटीत ठेवायची. ते करायचं जानेवारीत, रानात ताहोनलची पिवळी फुलं आली की. पावसाळ्यात नाही. पावसाळ्यात एक बुटकी काळी माशी हिंडत असते, मोहरीएवढी. तिला उघड्या मधाचा आणि परागाचा वास आला की ती फटीतून आत शिरते, अंडी घालते, आणि आठ दिवसांत आत नुसत्या अळ्या राहतात. एर्मेलिंदाने हे सांगितलं होतं, पण इतकं खाली बघून की गोंगोरांना ते बाईचं पुटपुटणं वाटलं असेल. जूनमध्ये त्यांनी एक ओंडका फोडून पाहिलाच. नवी पेटी आठवडाभरात मेली. मूळ ओंडका कसाबसा वाचला. एर्मेलिंदाने मेलेल्या माश्या जमतील तेवढ्या पानांत गुंडाळून ग्रंथालयामागे पुरल्या आणि कुणी विचारलं तर कचरा पुरतेय असं सांगितलं.

सप्टेंबरात मंडळाचं पत्र आलं. गुरुवारी दहा वाजता बघायला येणार.

बुधवारी दुपारी गोंगोरांनी तिला व्हरांड्यात गाठलं. या वेळी खुर्ची नव्हती.

"डोन्या एर्मे, उद्या त्यांनी विचारलं किती, तर बारा म्हणायचं. एवढंच. बाकी मी बोलतो."

"पेट्या रिकाम्या आहेत, साहेब."

"पेट्या बाहेरून दिसतात. आत कोण बघतंय?"

ती बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार. घरी जाऊन तिने जपमाळ हातात घेतली, पण कितव्या मण्यावर आहोत हे तिला कळेना. तोंडाने प्रार्थना चालू होती आणि मनात एकच शब्द, बारा, बारा. माश्यांसमोर उभं राहून तो बोलायचा होता. तिला वाटलं, आपण बोललो की तिन्ही दारांतल्या पहारेकरणी वळून आत जातील आणि पुन्हा येणार नाहीत.

गुरुवारी ती रोजच्या आधीच कॉलेजात पोचली. ग्रंथालयामागे यारेली पायऱ्यांवर बसली होती, हात चिकट, चेहरा खुशीत. नऊही हिरव्या पेट्यांच्या तोंडांशी काहीतरी चकाकत होतं आणि त्यांवर माश्या घोंगावत होत्या.

"बघा मावशी, गजबजल्यात की नाही? इंजिनियरसाहेबांची आयडिया. भोकाला मध लावला की झालं. आता कुणी म्हणेल का रिकाम्या आहेत?"

"मध कुठून आणलास?"

"तिसऱ्या ओंडक्यातला. काल संध्याकाळी. वाटीभरच घेतला."

एर्मेलिंदा तिसऱ्या ओंडक्याशी गेली. चकतीभोवतीची माती फोडलेली होती. चकती परत बसवली होती, पण लिंपली नव्हती. फटीतून मधाचा ओघळ खाली आला होता, आणि त्या ओघळाच्या कडेने मोहरीएवढे काळे ठिपके पळत होते. उडत नव्हते, पळत होते, थांबून थांबून, आत.

तिला जूनमधली पेटी आठवली, झाकण काढल्यावर आतलं ते हलणारं पांढरं. ही काळी माशी एका मधाच्या वासावर रानातून येते, आणि इथे तर नऊ दारांना मध फासून तिला बोलावणं धाडलं होतं. आज दुपारपर्यंत ती तिन्ही ओंडक्यांत शिरली असती.

तिने कोपऱ्यातली बादली ओढली. वाफ्यातली माती बादलीत घेतली, पाणी ओतलं, मळली, आणि तिसऱ्या ओंडक्याची फट बोटांनी लिंपून काढली. मग तिन्ही दारांवर जाळीचा तुकडा ठेवून कडेने माती दाबली. दारातली पहारेकरीण मागे सरकेपर्यंत ती थांबली, प्रत्येक दाराशी. मग फडकं आणि तीन बादल्या पाणी आणलं आणि पहिली हिरवी पेटी धुवायला घेतली.

"मावशी, काय करताय? साहेब चिडतील."

"चिडतील," एर्मेलिंदा म्हणाली. अर्धं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं. पण फडकं पिळून पुसायचं तिला डोळे मिटूनही येत होतं. अकरा वर्षं तेच केलं होतं. यारेली पायऱ्यांवरून उठली. मग ती ओंडक्याशी वाकली, ते काळे ठिपके पाहिले, आणि जून महिना तिलाही आठवला असावा, कारण तिने दुसरी बादली उचलली.

मंडळी अर्धा तास आधीच आली. एक उंच बाई, डोक्याला वेताची टोपी, दोघे पुरुष, आणि पुढे गोंगोरा, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्यांनी पाहिलं ते असं: नऊ ओल्या, गप्प पेट्या, तीन चिखलाने बंद केलेले ओंडके आणि हातात फडकं घेतलेली सफाईवाली. गोंगोरांचा चेहरा पाहून एर्मेलिंदाने पिळलेलंच फडकं पुन्हा पिळलं.

"सकाळची स्वच्छता," ते हसून म्हणाले. "या आमच्या डोन्या एर्मे. यांच्याशिवाय हे काम उभंच राहिलं नसतं."

टोपीवाल्या बाईंनी तिला नमस्कार केला आणि विचारलं, एकूण किती वसाहती आहेत.

एर्मेलिंदाने सवयीने पहिल्या ओंडक्याच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तिनेच मातीने ते दार बंद केलं होतं. आता त्या दारात उभं राहायला तीच होती, दुसरं कुणी नाही.

"तीन," ती म्हणाली.

बाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"तीन आहेत, बाई. उद्यापर्यंत जगल्या तर."

गोंगोरा उद्दिष्टाविषयी, टप्प्यांविषयी बोलू लागले. बाईंनी त्यांचं बोलणं होऊ दिलं आणि मग परत एर्मेलिंदाकडेच वळून बारा का झाल्या नाहीत ते विचारलं. मग तिला सांगावं लागलं, फडकं दोन्ही हातांनी घट्ट धरून: ताहोनलच्या फुलांचं, पावसाळ्यातल्या काळ्या माशीचं, आणि जूनमध्ये काय झालं त्याचं. मध का धुतला तेही. कुणी लावला ते तिने सांगितलं नाही. ते मात्र यारेलीनेच सांगितलं, मागून, मान खाली घालून: "मी लावला."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फुलं कधी येतात, एवढंच जाता जाता विचारलं. जानेवारीत, एर्मेलिंदा म्हणाली.

ते गेल्यावर गोंगोरा परत आले. ते मोठ्याने बोलले नाहीत. "अकरा वर्षं झाली ना तुम्हाला इथे?" म्हणाले आणि निघून गेले. ते एक वाक्य तिला दिवसभर पुरलं. जिना पुसताना, काचा पुसताना ते कानात वाजत राहिलं. संध्याकाळी घरी दारावर थाप पडली तेव्हा तिला वाटलं, कंत्राटाचा कागद घेऊन कुणी आलं. यारेलीची आई होती, वाटीत गरम सूप घेऊन आलेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती ग्रंथालयामागे गेली. पहिल्या दारावरची माती काढली, जाळी उचलली. वाट पाहिली. भोकात एक डोकं आलं आणि तिथेच थांबलं. दुसऱ्या ओंडक्यालाही तसंच. तिसऱ्याची माती काढताना तिने देवमातेचं नाव घेतलं. भोक काळं होतं. ती बघत राहिली. कुणी आलं नाही. सूर्य छपराच्या कडेला आला तरी कुणी आलं नाही.

मागे बुटांचा आवाज झाला. गोंगोरा होते, रोजच्या वेळेच्या कितीतरी आधी आलेले. ते चार पावलांवर थांबले. तिने वळून पाहिलं नाही. गुडघे टेकून ओंडक्याला कान लावला आणि बोटाच्या पेराने हळूच एकदा ठोठावलं.

आधी काहीच नाही. मग खूप आतून, पलीकडच्या खोलीत कुणी एकटीच जपमाळ ओढत बसलेली असावी तसा, तुटक गुणगुणण्याचा आवाज आला.

"आहेत का?" गोंगोरांनी विचारलं.

"आहेत. थोड्या आहेत. साहेब, जोरात बोलू नका."

हे आपण कुणाला म्हणालो ते तिच्या लक्षात आलं. पण कान तिने ओंडक्यावरून काढला नाही. मग गोंगोरांनी आवाज अगदी खाली आणून विचारलं, "फुलं जानेवारीत म्हणालात ना, डोन्या?"