स्क्रॅम्बलचा चौथा अर्थ

फिलोमिना टीचर शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहीत नसत. आधी तो अंगाला लागू देत. आठवीच्या धड्यात 'स्क्रॅम्बल' आला, तेव्हा त्यांनी आम्हा मुलींना शिरोड्याच्या किनाऱ्यावरच्या काळ्या खडकांवर चढवले. शेवाळ निसरडे, खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले धारदार. दोन्ही तळवे टेकल्यावाचून वर सरकता येईना. खालून त्यांचा आवाज आला, "घाई आसा, वाट नाय, हाता-पायांनी चढतास. हेका म्हणतत स्क्रॅम्बल. लिवा वहीत!"

"टीचर, हात खंय मोकळे आसत?" मी ओरडले.

"मगे तुका अर्थ कळलो!"

दुसरा अर्थ त्यांनी रापणीवर दाखवला. जाळे वाळूवर आले, आणि तारली माशांच्या रुपेरी ढिगाकडे टोपल्यांची एकच झुंबड उडाली. तिसरा त्यांच्या स्वयंपाकघरात, लोण्यात ढवळलेल्या अंड्यांचा, वर भरडलेली मिरी. "हो खाऊचो अर्थ. थंड झालो तर फुकट."

पुढे मी त्यांच्याच शेजारी नांदायला आले. त्यांचे यजमान वारले होते, मुलगा आग्नेल मस्कतला. उन्हे कलली की आम्ही दोघी शब्दकोश उघडून बसायचो. त्या पाने उलटत आणि जुन्या कागदाचा गोडसर, दमट वास आमच्यामध्ये येऊन बसे.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. चालणे थोडेफार सावरले, बोलणे विस्कटले. मीठ हवे असले की 'खिडकी' म्हणत. एकदा ओठांशी बराच वेळ झगडून त्या म्हणाल्या, "चौथो अर्थ... माझ्या तोंडात गो." 'होय' आणि 'नाय' यांची तर सारखी अदलाबदल होई. चहा हवा का विचारले की 'नाय' म्हणत आणि कप ओढून घेत. मी त्यांचे शब्द सोडून हात वाचायला शिकले. घर सोडून जायचे नाही, हेही त्यांनी मला हातानेच कितीदा सांगितले होते. बोट आधी जमिनीकडे, मग स्वतःच्या छातीकडे.

आग्नेल आला तो गोव्यातल्या एका वृद्धाश्रमात जागा ठरवूनच. दारात उभ्या असलेल्या आईला त्याने हळुवारपणे विचारले, "मम्मा, थंय नर्स आसत, डॉक्टर आसा. येशीत मां?"

"होय," टीचर म्हणाल्या.

त्यांच्या डाव्या हाताने दाराची चौकट धरली होती. नखे पांढरी पडली होती.

आग्नेलचे डोळे भरून आले. तो माझ्याकडे वळला. "ऐकलंस मां, ताई? ती स्वताच म्हणाली."

मायलेकरांचा प्रश्न, त्याची रजा दोन दिवसांत संपणारी, आणि मी कोण? शेजारीण. "हो, ऐकलं," मी म्हणाले. माझे शब्द तर जागच्या जागी होते.

त्याने आईची बोटे चौकटीवरून एकेक करून सोडवली. तिचा तोल जातो आहे, असे त्याला वाटले.

महिन्याभराने मी गोव्याला गेले. फिनेलचा वास, कडक इस्त्रीची चादर, खिडकीबाहेर भिंत. मला पाहून त्या हसल्या. मी खुर्ची जवळ ओढली.

"टीचर, त्या दिवशी माका सगळा कळला होता. तरी मी गप रवलंय. तुमका माझो राग येता?"



"नाय," त्या म्हणाल्या.

त्यांचे हात चादरीखाली होते.