भिकाजीच्या नावाची पाटी

अनंतभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी इथे कुवेतमध्ये, फरवानियात बसची वाट बघत उभा होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच ती बोलू शकली. त्याला आता दीड-दोन महिने होतील. अनंतभाऊंविषयी वाईट बोलावं असं माझ्याकडे काही नाही. बाकीच्यांविषयी आहे, आणि ते मी आज हातचं राखून सांगणार नाही.

अनंतभाऊ कुडाळकडचे, आमच्या कारखान्यातले ओतारी. आम्ही रस्त्यांसाठी, इमारतींसाठी धातूच्या पाट्या करायचो. मी कागदावर अक्षरं मांडायचो, ते वाळूचा साचा करून त्यात अ‍ॅल्युमिनियम ओतायचे. इराकने कुवेतवर लादलेलं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. एक अमेरिकन इंजिनिअर फोटो घेऊन आला. त्याच्या गावाबाहेर रस्त्याच्या कडेला इतिहासाची एक पाटी होती, ती ट्रकच्या धडकेने मोडली होती आणि हुबेहूब तशीच त्याला करून न्यायची होती. त्यांच्याकडे म्हणे अशा पाट्या गावोगाव असतात. कुठे पहिली शाळा भरली, कुठे पिठाची गिरणी होती, कुठला पूल वाहून गेला... ह्या पाटीवर लिहिलं होतं, इथे नदी ओलांडताना होडी बुडाली. खाली होडीच्या मालकाचं नाव आणि बुडालेल्या चार खलाशांची नावं. मी मजकूर वाचून मराठीत सांगितला, तर अनंतभाऊ मुठीत वाळू धरून तसेच बसून राहिले. "मजुरांची नावां? रस्त्यार?" त्यांचा विश्वासच बसेना. ती पाटी त्यांनी देवाची मूर्ती ओतावी तशी ओतली.

पुढच्या वर्षी भिकाजी गेला. तोही कुडाळकडचाच, आमच्याच खोलीत राहणारा, पाट्यांचे खांब रोवणारा. वफ्राच्या शेतांकडे जाणाऱ्या रस्त्यावर खड्डा खणताना, युद्धात पुरून राहिलेलं काहीतरी फुटलं. कंपनीने पेटी विमानाने घरी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्याच्या बाजूला खणायला दुसरा माणूस पाठवला. काम थांबता कामा नये ना!

अनंतभाऊंनी शुक्रवारच्या सुट्टीत भंगारातल्या धातूची पाटी ओतली. थेट अमेरिकन थाटाची, तीच किनार, इंग्रजी अक्षरं: इथे भिकाजी खांब रोवताना मरण पावला. खाली गावाचं नाव आणि त्याखाली आमच्या कंपनीचं. मी म्हटलं, "कंपनीचं नाव कशाला?" तर मलाच समजावायला लागले, "अरे, थंय मालकाचा नाव होता मां? मानान घालूक व्हया ता." आम्ही दोघांनी पाटी रोवली. अनंतभाऊंनी नारळ ठेवला आणि वाळवंटात हात जोडून चक्क गाऱ्हाणं घातलं, "बा जागेवाल्या, आमचो माणूस तुझ्या पदरात आसा, तेका सांभाळ रे महाराजा..." 'होय महाराजा' म्हणायला मी एकटाच होतो.

पाटी इतकी सरकारी दिसायची की कितीतरी दिवस तिला कुणी हात लावला नाही. मग मॅनेजरने वाचली. "मौत के साथ कंपनी का नाम? कल किसी ने केस किया तो?" मानाने घातलेलं नाव त्याला कबुलीजबाब वाटलं. त्याने पाटी उखडून आणवली आणि अनंतभाऊंना म्हणाला, भट्टी समोर आहे, टाका आत. अनंतभाऊ नाही म्हणाले. जन्मात पहिल्यांदा साहेबाला नाही म्हणाले असतील. अमेरिकन साहेब आपल्या बाजूने बोलेल अशी त्यांना फार आशा होती, म्हणून मी त्याला बोलावून घेतलं. त्याने पाटी निरखून पाहिली, फोटो काढला, कामाची तारीफ केली. आणि म्हणाला, आमच्याकडेही समितीची मंजुरी लागते. चहासुद्धा न घेता गेला. त्याच आठवड्यात अनंतभाऊंचा अकामा रद्द झाला. कुवेतमध्ये राहण्याचा परवाना गेला म्हणजे सगळंच गेलं.

पाटी त्यांनी टॉवेलात गुंडाळून सामानातून गावी नेली, भिकाजीच्या बायकोला दाखवली. गावच्या फाट्यावर लावू म्हणाले. ती म्हणाली, "ते थंय गेले, थंयच लावा ती. हय माका रोज कित्याक वाचूक लावतास?" तिचंही काय चुकलं? त्यानंतर ती पाटी अनंतभाऊंच्या घरात कोपऱ्यात पडून राहिली. ते तिच्याबद्दल कधी बोलत नसत, कुवेतबद्दलही नाही. आता भेटायला गेलो तेव्हा वहिनींनीच ती माझ्यापुढे ठेवली. "तुमी न्हेवा. थंयची आसा."

घेऊन आलो. वफ्रालाही जाऊन आलो, पण रस्ता एवढा रुंद झालाय की तो खड्डा नेमका कुठे होता हे मला ओळखता आलं नाही. मग पाटी फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवली. आलेले पाहुणे 'इथे मरण पावला' वाचून दचकतात, सोफ्यावरून उठतात. शेवटी बायकोने ती भिंतीकडे तोंड करून उभी केली. मागची बाजू कोण बघतंय म्हणून अनंतभाऊंनी ती घासली नव्हती. साच्यातली वाळू दाबताना उमटलेली त्यांची चार बोटं तिथे तशीच आहेत. पाहुणे आता निवांत बसतात.