अंगणवाडीच्या खिडकीबाहेरची ड्यूटी

पलटणीत असताना बर्फात उभं राहून मी रात्रीच्या रात्री काढल्यात. पण तीन वर्षांच्या नातवाला अंगणवाडीत सोडून घरी यायचं म्हटलं की माझे पाय उचलत नसत. हसा, खुशाल हसा. गावानंही पोटभर हसून घेतलंय.

आधी घरातलं सांगतो. मुलगा फौजेत, तिकडं लांब आसामकडं. आमची मंडळी, म्हणजे बायको, नातवाचं तोंड बघून वारली, तेवढंच सुख तिला. सून मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. आमचं गाव कराड-मिरज रेल्वेच्या कडेला, त्यामुळं सकाळच्या पॅसेंजरनं ती जायची आणि दिवेलागणीला परत यायची. पोरगं पोटात असताना परीक्षा देऊन तिनं ही नोकरी मिळवलेली. गावात कुणी म्हणालं, सून कशाला राबवताय, तर मी त्याला तिथंच झापायचो. मागं राहायचो मी आणि नातू. त्याला सांभाळणं ही माझी ड्यूटी, आणि फौजेत कधी माझ्या ड्यूटीला नाव ठेवायला कुणाला जागा मिळाली नव्हती.

त्या भादव्यात दुपारी जेवून मी सोप्यात आडवा झालो. शुगरच्या गोळ्यांनी मला गुंगी येते. डोळा लागला. उठलो तर पोरगं नाही. गोठा बघितला, गल्ली बघितली, देवळामागं बघितलं. हाका मारून घसा बसला. तेवढ्यात शेजारची काकू त्याला काखेत घेऊन येताना दिसली. म्हणाली, कॅनॉलच्या काठावर बसून पाण्यात खडे टाकत होता. पोराला खरचटलंही नव्हतं, उलट अजून खडे टाकायचेत म्हणून ते रडत होतं.

संध्याकाळी सुनेला कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पोराला जेवू घातलं, झोपवलं आणि मग माझ्यासमोर येऊन बसली. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनं सांगितलं होतं की दिवाळीनंतर रात्रपाळी घ्यावीच लागेल, जिला जमणार नाही तिला ठेवणार नाहीत. आता घरात हे असं. पोरगं दिवसा अंगणवाडीत रमलं तर रात्री दमून झोपेल, मग बघू म्हणाली. नाहीतर दिवाळीला राजीनामा देते. माझ्यावर भरवसा राहिला नाही असं काही ती म्हणाली नाही. म्हणायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून गाडीला निघताना ती पोराला काकूकडं देऊन जायला लागली, आणि दहा वाजता अंगणवाडी उघडली की काकूकडून घेऊन मी त्याला तिथं पोचवायचं, सुटल्यावर परत काकूकडं सोडायचं, असं ठरलं.

अंगणवाडी समाजमंदिराच्या एका खोलीत. सेविका बाई कराडकडच्या, लग्न होऊन इथं आलेल्या. अंगानं किरकोळ, आवाज बारीक. गावातली निम्मी तरणी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, तरी खरं सांगायचं तर खिचडी वाटणाऱ्या बाई यापलीकडं मी त्यांना ओळखत नव्हतो. मदतीला एक मदतनीस. बाकी भिंतीवर चित्रं, आणि खाली सतरंजीवर चिल्लीपिल्ली.

पहिल्या दिवशी नातवानं माझ्या पायाला जी मिठी मारली ती सुटेना. जो येईल तो सल्ला देऊन गेला की हातात भडंग द्या, पोरगं खाण्यात गुंतलं की हळूच सटका. मी सटकलो. त्यानं घास संपवून वर बघितलं, मी नाही. मग जो आकांत मांडला तो पार ग्रामपंचायतीपर्यंत ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं भडंगाला हातही लावला नाही. हात माझ्या सदऱ्याला, डोळे माझ्या तोंडावर. शहाणा झाला होता बेटा.

मग मी सटकायचं सोडलं आणि बाहेर खिडकीशी उभा राहायला लागलो. आत रडण्याचा आवाज आला की तोंड दाखवायचं. तोंड दिसलं की तो अजून मोठ्यानं रडायचा. मी अजून जवळ सरकायचो. असं खिचडी होऊन पोरं घरी सुटेपर्यंत. डेअरीला दूध घालून परत येणारे विचारायचे, आबा, गार्ड ड्यूटी लागली व्हय? मी शिव्या घालायचो. पण खिडकी सोडून चार पावलं लांब गेलो की डोळ्यापुढं कॅनॉल यायचा. नजर हटली की पोरगं गेलं, असंच डोक्यात बसलेलं.

एक दिवस बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आबा, एकतर त्याला सांगून जावा, नाहीतर आत या, असं मधल्यामध्ये उभं राहू नका. माझं डोकं सणकलं. तुमच्या वयाची पोरं मी ट्रेनिंगला सरळ केलीत, मला शिकवू नका, असं काहीबाही बोललो. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, बरं झालं, मग आत काम हाय तुमच्यासाठी.

काम काय, तर खिचडीआधी पोरांचे हात धुऊन घ्यायचे. रोज नळावर नुसती झुंबड असायची. मी म्हटलं, हे तर आपलं काम. लाईन लावली. फॉलिन, सावधान, एक एक पुढं. पोरांना असली मजा वाटली की काही तर परत मागं जाऊन दुसऱ्यांदा हात धुवायला लागली. नातूही लाईनीत. मी समोर आहे म्हटल्यावर रडायचं कारणच नव्हतं त्याला. मला वाटलं, जिंकली लढाई. आता रोज मी इथं बसायचं आणि पोरगं इथं बसणार.

पण बाईंचं काही वेगळंच चाललेलं. एक दिवस म्हणाल्या, मागच्या घरातनं कढीपत्त्याची डहाळी आणा. मी नेहमीच्या सवयीनं हळूच उठलो तर त्यांनी मला अडवलं.

"आबा, पळून जायचं न्हाई. कुठं जाताय आन कवा येताय, त्याच्या डोळ्यात बघून सांगायचं. आन सांगितलंय तवाच यायचं."

तीन वर्षांच्या पोराला कसलं घड्याळ सांगणार? तेही बाईंनीच सांगितलं. गाणं संपायच्या आत, म्हणायचं. मी गुडघ्यावर बसून नातवाला तसा रिपोर्ट दिला. तो रडलाच. मी कढीपत्ता तोडला आणि धोतर सावरत पळत आलो. तो दारात उभा, गाल ओले, पण मला बघून गप्प झाला. आनंद कमी आणि आश्चर्यच जास्त दिसलं मला त्याच्या तोंडावर. आजा सांगून गेला आणि खरंच आला, हे त्याच्या लेखी नवीन होतं.

मग रोजचंच झालं. कधी गिरणीत दळण टाकून या, कधी रेशन दुकानात तांदूळ कधी येणार विचारून या. कधी गोष्ट संपायच्या आत, कधी खिचडी उतरायच्या आत. मी कुरकुरायचो की बाई, मी काय तुमचा शिपाई आहे? पण जायचो. हळूहळू नातू दारापर्यंत यायचा बंद झाला. नंतर जागेवरूनच म्हणायला लागला, आबा, गाणं झाल्यावर ये. आणि खरं सांगतो, ते ऐकून मला जरा लागलंच.

दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी मला बाजाराला पाठवलं, कोथिंबीर आणायला. मी नातवाला सांगितलं, हात धुवायच्या आत येतो. आणि नेमकी येताना एसटी बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून बसलेला आणि मी रस्त्यावर येरझाऱ्या घालतोय. काय काय मनात आलं ते सांगत नाही. शेवटी एका ऊसवाल्याच्या ट्रॅक्टरवर चढलो, फाट्यावर उतरलो आणि तिथून धावत आलो. या वयात. लोकांना वाटलं आबाच्या घरी काहीतरी झालं.

आलो तर पोरं नळावर. मी नसताना लाईन लागलेली. नातू मधे कुठंतरी उभा, पुढच्या पोरीच्या वेणीशी खेळत. माझ्याकडं बघितलं, ओळखीचं हसला आणि परत वेणीकडं वळला. बस्स. एवढंच.

मी धापा टाकत कोथिंबीर ठेवायला आत गेलो, तर ओट्यावर टोपलीत हिरवीगार जुडी पडलेली. बाजूला ताटात चिरलेलीही. म्हणजे मला नुसतंच पिटाळलं होतं! मी बाईंना विचारलं, ही काय थट्टा लावलीय म्हाताऱ्याची? त्या खिचडी वाढत होत्या. हातातलं काम न थांबवता म्हणाल्या,

"आबा, पोरगं कवाच बसाय लागलं हुतं. तुमचं मन बसत नव्हतं."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. महिनाभर ज्याला मी नातवाचं शिक्षण समजत होतो, ते माझं चाललेलं. राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. छातीवरचं ओझं कुणीतरी उतरून घेतलं असं वाटलं. पोरगं आत होतं, मी बाहेर होतो, खिडकीला पाठ करून बसलो होतो, आणि काहीही होत नव्हतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं. मग मी सरळ घरी गेलो आणि म्हशीला पाणी दाखवलं.

त्याच सुमारास तालुक्याहून अंगणवाड्या तपासणाऱ्या मॅडम आल्या. आदर्श सेविका म्हणून कुणाला निवडायचं ते बघायला गावोगाव फिरत होत्या. पालकांना बोलावलेलं. बायांनी चांगलं सांगितलं, की बाई दाणे काढलेल्या कणसांच्या बुरकुंडांची खेळणी करतात, पोरं घरी येऊन हात धुवा म्हणून आम्हालाच दम देतात. मग मॅडमनी मला विचारलं, तुमच्या नातवात काय फरक पडला?

मी म्हटलं, नातवाचं सोडा, बाईंनी मला बसवलं. सगळे हसले. मला राग आला, कारण मी थट्टा करत नव्हतो.

"मॅडम, भ्यालेल्या माणसावर ओरडणारे साहेब मी लय बघितले. त्याच्या हातात काम देऊन, त्याला कळू न देता त्याची भीती काढणारा सबंध नोकरीत एकच बघितला. आन दुसऱ्या ह्या बाई."

मॅडम मान हलवून ऐकत होत्या. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आहार वेळेवर मिळतो का. मी म्हटलं, मिळतो. बाई कोपऱ्यात एका पोराचं नाक पुसत होत्या, त्यांनी वर बघितलंही नाही.

निवड त्यांचीच झाली. माझ्या बोलण्यानं झाली असं मी म्हणत नाही, पण ऐकून मला माझं प्रमोशन झाल्यासारखं वाटलं. तरुण मंडळाच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. ही सगळी बाईंच्याच सतरंजीवर लोळून मोठी झालेली पोरं. बाईंचा फोटो वर कोपऱ्यात एवढासा, आणि खाली शुभेच्छुकांची गॉगल लावलेली तोंडं भोपळ्याएवढी. बाई हसून म्हणाल्या, असू दे, ह्यांना लहानपणापासून पुढं बसायची हौस.

सत्कार सांगलीला, दिवाळीच्या आधी. त्या दिवशी अंगणवाडी बंद ठेवा असं सगळे म्हणत होते. बाई ऐकेनात. उसातलं तण काढायला, भांगलणीला गेलेल्या बायांची पोरं कुठं जायची? त्या माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, मदतनीस स्वयंपाक बघेल, पोरांपाशी तुम्ही बसा.

मी म्हटलं, बाई, कॅनॉलचं ठाऊक हाय न्हवं तुमाला?

"ठाऊक हाय म्हणून तर सांगतीया," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचाबी डोळा लागंल. तुमचा लागायचा न्हाई."

गोळी मी चुकवली नाही, पण डॉक्टरांना विचारून ती आधीच रात्रीवर ढकलून घेतली होती. गाणी मला येत नाहीत, म्हणून पलटणीतली कवायतीची चाल म्हणून दाखवली, पोरांनी ती सतरंजीवर गोल फिरत म्हटली. एक पोरगी रडली, तिला सांगितलं, तुझी आई खिचडी खाऊन झाल्यावर येईल. आई आली खिचडी खाऊन झाल्यावरच, सगळी पोरं ज्याच्या त्याच्या घरी गेली, आणि मी कुलूप लावून किल्ली मदतनीस बाईकडं दिली.

संध्याकाळी सून गाडीतून उतरली तेव्हा तिला स्टेशनवरच बातमी मिळालेली, की आज अख्खी अंगणवाडी तुझ्या सासऱ्यानं सांभाळली. घरी येऊन तिनं भाकरी थापल्या. नातू माझ्या मांडीवर बसून जेवता जेवता पेंगला. तिनं माझ्या ताटात आमटी वाढली आणि भांडं खाली ठेवता ठेवता, उद्या दळण टाकायचंय इतक्या साध्या आवाजात म्हणाली,

"आबा, मी मोठ्या सिस्टरला फोन करून रात्रपाळीला व्हय म्हणून सांगितलंय. दिवाळी झाली की सोमवारपासनं."

मी म्हटलं, बरं. आणि तांब्या उचलून पाणी प्यालो. तिनं पोराला माझ्या मांडीवरून उचललं नाही, तिथंच झोपू दिलं.